नियम घडवतात ‘हटके’ पोशाख
विशेष प्रतिनिधी, मुंबई

जुन्या एक्स-रे फिल्मचे जाकीट, वर्तमानपत्रांच्या घड्यांचा घागरा, बाटल्यांच्या झाकणांची चोळी, विजेच्या वायरींचा झगा. फॅशन संस्थांचे वार्षिक प्रदर्शन किंवा महाविद्यालयीन महोत्सवातील फॅशन शो पार पडला की अशी छायाचित्रे प्रसिद्ध होतात आणि घरोघरी त्यांची चर्चा रंगते. थोडे कौतुक होते, त्याहून अधिक थट्टा. ‘हे घालून लोकलमध्ये चढणार कसे?’ हा तर ठरलेला शेरा. ‘ही कला आहे, ती रोज घालण्यासाठी नसते,’ असे ठरलेले उत्तरही संस्थांकडून मिळते.

शेरा आणि उत्तर, दोन्ही अपुरी आहेत. फॅशनच्या शिक्षणावर मध्यमवर्गीय कुटुंबे आज मोठी रक्कम खर्च करतात. अभ्यासक्रमाचे शुल्क वेगळे आणि स्पर्धेसाठीच्या पोशाखाचा खर्च वेगळा. या पोशाखातून विद्यार्थ्याच्या पदरात नेमके काय पडते, हे विचारण्याचा अधिकार पालकांना आहे आणि विद्यार्थ्यालाही. अनेक स्पर्धांचे स्वरूप पाहता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. तीच एक्स-रे फिल्म एका स्पर्धेत विद्यार्थ्याला बेतण्याचे आणि शिवणाचे शास्त्र शिकवून जाते, तर दुसऱ्या स्पर्धेत केवळ डिंक लावायला शिकवते. हा फरक विद्यार्थ्याच्या प्रतिभेपेक्षा स्पर्धेच्या नियमपत्रिकेत अधिक असतो.

साठ वर्षांची परंपरा

कापडावाचून वस्त्र ही कल्पना आजच्या पिढीची नव्हे. १९६६ च्या फेब्रुवारीत पाको राबान या तरुणाने पॅरिसमध्ये बारा पोशाख सादर केले. प्लास्टिकच्या व धातूच्या चकत्या कड्यांनी एकमेकींत गुंफून ते तयार झाले होते. समकालीन साहित्यातून घडवलेले, अंगावर घालता न येणारे बारा पोशाख, असेच त्याने त्या संग्रहाचे नाव ठेवले होते. राबान मुळात वास्तुकलेचा विद्यार्थी. सुई-दोऱ्याऐवजी त्याने पक्कड हाती घेतली, याचे मूळ त्या शिक्षणात सापडते. त्याच वर्षी अमेरिकेत स्कॉट पेपर कंपनीने जाहिरातीसाठी सव्वा डॉलरला कागदी झगा विकायला काढला आणि वर्षभराच्या आत त्याचे सुमारे पाच लाख नग खपले. म्हणजे एकाच वर्षी अपरिचित साहित्याचे वस्त्र दोन वाटांनी लोकांसमोर आले. एक वाट प्रयोगाची होती, दुसरी जाहिरातीची. आजच्या विद्यार्थी स्पर्धांमध्ये या दोन्ही वाटा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात.

विद्यार्थ्यांच्या प्रयोगांपैकी सर्वाधिक गाजलेले उदाहरण १९९३ चे आहे. लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्स या संस्थेत शिकणाऱ्या हुसेन चलायनने पदवीच्या अंतिम संग्रहातील वस्त्रांवर लोखंडाचा कीस टाकला आणि ती एका मित्राच्या बागेत काही आठवडे पुरून ठेवली. उकरून काढली तेव्हा गंजाने आणि मातीने त्यांच्यावर आपला रंग चढवला होता. लंडनमधील ‘ब्राउन्स’ या प्रतिष्ठित दुकानाने तो संग्रह उचलून दर्शनी काचेत मांडला. चलायनला पुढे १९९९ आणि २००० अशी सलग दोन वर्षे ब्रिटनच्या सर्वोत्तम डिझायनरचा सन्मान मिळाला. कापड कुजवण्याच्या त्या खटाटोपात त्याने काळ आणि माती यांचा कापडावर होणारा परिणाम नोंदवला होता. नुसते लक्ष वेधण्यासाठी कापड पुरले असते, तर हाती चिंधीच आली असती.

स्पर्धेच्या रूपात या प्रकाराला मोठे व्यासपीठ मिळाले ते न्यूझीलंडमध्ये. सुझी मॉन्क्रिफ या शिल्पकार महिलेने १९८७ मध्ये नेल्सन शहराजवळच्या एका ग्रामीण कलादालनाकडे लोकांचे पाय वळावेत म्हणून ‘वेअरेबल आर्ट’ची, म्हणजे अंगावर धारण करता येईल अशा कलेची स्पर्धा सुरू केली. २००५ पासून ती राजधानी वेलिंग्टनमध्ये भरते. जगभरातील विद्यार्थी, व्यावसायिक आणि हौशी कारागीर तीत उतरतात. लाकूड, धातू, काच, केस, प्लास्टिक असे काहीही वापरता येते. मात्र कलाकृती माणसाच्या अंगावर चढली पाहिजे आणि ते अंग रंगमंचावर हालले पाहिजे, ही अट सुटत नाही. शिवाय तिथला कार्यक्रम एका रात्रीत आटोपत नाही, त्याचे अनेक प्रयोग होतात. पहिल्याच प्रयोगात तुटणारा पोशाख तिथे टिकाव धरू शकत नाही. शिवण किती बळकट हवी आणि वजन कुठे पेलायचे, याचा विचार ही अटच स्पर्धकाला करायला लावते.

दूरचित्रवाणीने बदललेली गती

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत ‘प्रोजेक्ट रनवे’ ही मालिका सुरू झाली. पहिल्याच भागात स्पर्धकांना किराणा दुकानात पाठवून तिथल्या मालातून पोशाख करण्यास सांगण्यात आले. ऑस्टिन स्कार्लेट या स्पर्धकाने मक्याच्या कणसांच्या सालींचा झगा करून तो भाग जिंकला. मक्याची ओली साले सुकताना आकसतात. म्हणजे रात्री अंगावर बसलेला झगा सकाळी आखूड होणार, हे गृहीत धरून काम करावे लागते. साहित्याचा स्वभाव समजून घेण्याचा तो उत्तम धडा होता.

मात्र या मालिकेतून आपल्याकडील महाविद्यालयीन महोत्सवांनी धडा उचलला तो मुख्यत्वे वेगाचा. दोन तास, एक मॉडेल, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि चिकटपट्टीचे रीळ असे त्याचे स्वरूप असते. अशा खेळात गंमत असते, हजरजबाबीपणाही लागतो. सभागृहातील टाळ्यांचा आनंद कुणी हिरावून घेऊ नये. पण महोत्सवातील हा खेळ आणि डिझाईन संस्थेतील स्पर्धा यांच्यातील सीमारेषा गेल्या काही वर्षांत पुसट झाली आहे. सहा महिने हाती असतानाही दोन तासांच्या खेळाची मानसिकता पोशाखात उतरते. परीक्षकांसमोर पोशाख तीन मिनिटे येणार, दहा फुटांवरून दिसणार आणि त्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहिले जाणार, हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्या अंतरावरून शिवण दिसत नाही, अस्तर दिसत नाही, मुंढा कसा बसला तेही दिसत नाही. दिसतो तो आकार आणि चमक. मग विद्यार्थी आकार आणि चमक एवढ्यावरच मेहनत घेतो. त्यात त्याला दोष देण्याचे कारण नाही. नियमांनी जे मागितले ते तो देतो.

साहित्य शिकवते ते काय?

अपरिचित साहित्य हाताळण्याचा खरा फायदा ओळखीच्या कापडाकडे नव्याने पाहता येणे हा आहे. कापडाला ताणा-बाणा असतो, उरेब कापले की ते लवते, अंगाच्या वळणावर बसते. शिवणकाम शिकणाऱ्याला हे नियम पहिल्या वर्षी सांगितले जातात आणि सवयीचे होऊन जातात. एक्स-रे फिल्म हाती घेतली की ही सवय कामाला येत नाही. फिल्मला उरेब नसतो. मशीनवर घातली तर सुईची छिद्रे बुजत नाहीत आणि पोस्टाच्या तिकिटासारखी ती त्याच रेषेवर फाटते. मग शिवणीऐवजी रिव्हेट ठोकायची की भोके पाडून नाडीने बांधायची, याचा निर्णय घ्यावा लागतो. छातीपाशी फुगीरपणा हवा तर चूण घालता येत नाही. आकाराचे लहान तुकडे करून ते जोडावे लागतात. फिल्ममधून हवा खेळत नाही, त्यामुळे प्रखर दिव्यांखाली आतले अंग घामाने भिजते. बगलेपाशी आणि पाठीवर मोकळी जागा सोडावी लागते.

विजेच्या वायरींच्या झग्याची अडचण वेगळी. तांब्याचे सगळे वजन खांद्यावर आले तर मॉडेलला चालणे कठीण होते. ते वजन कमरेवर आणि नितंबांवर विभागायचे, तर आत घट्ट बसणारा कापडी सांगाडा शिवावा लागतो. तो नीट व्हावा म्हणून आधी मांजरपाटाचा नमुना शिवून, डमीवर चढवून, पुन्हा उसवून पाहावा लागतो. बाहेरून दिसणारी वायर हा कामाचा निम्मा भाग. उरलेला निम्मा भाग अस्सल शिवणकामाचा असतो आणि तो कुणाला दिसत नाही. कागदाचा पोशाख असेल तर दिव्यांच्या उष्णतेजवळ तो पेट घेऊ शकतो, हे ध्यानात ठेवून मॉडेलच्या सुरक्षिततेची जबाबदारीही घ्यावी लागते.

हे सर्व ज्या विद्यार्थ्याने केले, तो पुढे पावसाळी जाकीट, रुग्णालयातील पोशाख, अग्निशमन दलाचा गणवेश किंवा रंगभूमीची वेशभूषा अशा कोणत्याही कामाला हात घालू शकेल. ज्याने तयार झग्यावर ग्लू गनने चमचे चिकटवले, त्याच्याकडे केवळ एक छायाचित्र उरेल.

‘टाकाऊ’ माल विकत घेताना

सध्या बहुतेक स्पर्धांचा आवडता विषय ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा आहे. विषय चांगला आहे. प्रत्यक्षात मात्र अनेकदा वेगळेच घडते. कचऱ्याचा पोशाख सुबक दिसावा म्हणून एकसारखी, स्वच्छ, नवी कोरी झाकणे घाऊक बाजारातून आणली जातात. कागदी पेले, स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, न वापरलेल्या सीडी यांची गठ्ठ्याने खरेदी होते. पुण्यातील बोहरी आळी किंवा मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटचा परिसर अशा मालासाठी प्रसिद्ध आहे. स्पर्धा संपल्यावर डिंकाने एकजीव झालेला हा माल वेगळा करता येत नाही, त्याचा पुनर्वापरही होत नाही. पर्यावरणाच्या नावाने नवा कचरा तयार होतो आणि त्याचे बिल पालक भरतात.

खर्चाची विषमता हा याच्या पोटातला प्रश्न आहे. खर्चावर मर्यादा नसलेल्या स्पर्धेत ऐपतदार विद्यार्थी साहित्य विकत घेतो आणि शिवणकाम बाहेरून करून घेतो. अनेक झगमगीत पोशाखांमागे एखाद्या कारखान्यातील मास्तरांची आणि कारागिरांची रात्रपाळी असते. त्यांचे नाव रॅम्पवर पुकारले जात नाही. जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेली, वसतिगृहात राहून स्वतःच्या हाताने शिवणारी मुलगी अशा स्पर्धेत प्रारंभीच मागे पडते. ज्या कौशल्याची परीक्षा घ्यायची, तेच कौशल्य विकत आणता येत असेल तर त्या परीक्षेला अर्थ राहत नाही.

बंधनातून आलेले यश

नियम कडक केले की कल्पकता मारली जाते, असा आक्षेप घेतला जातो. स्पर्धांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९५४ मध्ये आंतरराष्ट्रीय लोकर सचिवालयाच्या पॅरिसमधील स्पर्धेत दोन तरुण पुढे आले. कोटासाठी पारितोषिक मिळालेला कार्ल लागरफेल्ड आणि झग्यासाठी पारितोषिक मिळालेला अठरा वर्षांचा विद्यार्थी ईव्ह सँ लोराँ. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील फॅशनवर या दोघांनी ठसा उमटवला, हे सर्वज्ञात आहे. स्पर्धेचे साहित्य ठरलेले होते आणि ते म्हणजे लोकर.

हीच परंपरा पुढे चालवणारा आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार २०१४ मध्ये मिलान येथे राहुल मिश्रा यांना मिळाला. हा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत शिकलेल्या मिश्रा यांच्यासमोर मेरिनो लोकर वापरण्याची अट होती. भारतीय हातांच्या भरतकामाला त्यांनी या लोकरीची जोड दिली. २०२० च्या जानेवारीत पॅरिसच्या ‘ओत कुत्यूर’ सप्ताहात अधिकृतपणे संग्रह सादर करणारे ते पहिले भारतीय डिझायनर ठरले. लोकरीची अट त्यांच्या वाटेत आडवी आली नाही. ओळखीची कला अनोळखी धाग्यावर पारखून पाहण्याची संधी त्या अटीनेच दिली.

टाकाऊ मालाच्या बाबतीत हाँगकाँगमधील ‘रिड्रेस’ या स्वयंसेवी संस्थेची स्पर्धा अभ्यासण्याजोगी आहे. ही स्पर्धा पूर्वी ‘इकोशिक’ नावाने ओळखली जात असे. विद्यार्थी आणि नवोदित डिझायनरांसाठी असलेल्या या स्पर्धेत वस्त्रोद्योगातील टाकाऊ मालच वापरावा लागतो. कापड वाया न घालवता बेतणे, जुने उसवून नवे घडवणे अशा तंत्रांवर तिचा भर असतो. सेंट्रल सेंट मार्टिन्समध्ये शिकणाऱ्या केव्हिन जर्मानिए या स्वित्झर्लंडच्या तरुणाने २०१५ मध्ये ही स्पर्धा जिंकली. त्यानिमित्ताने हाँगकाँगमध्ये असताना एका व्यापाऱ्याने टाकून द्यायला काढलेले काचमणी त्याच्या नजरेस पडले. ते विकत घेऊन त्याने काम सुरू केले आणि २०१८ मध्ये स्वतःची नाममुद्रा बाजारात आणली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या समारोप सोहळ्यातील ‘सोनेरी प्रवासी’ या पात्राचा पोशाख जर्मानिएचा होता. पारितोषिकाच्या पोशाखातून एक व्यवसाय उभा राहिला, कारण टाकाऊ माल येतो कुठून आणि वापरायचा कसा, याची शिस्त स्पर्धेनेच लावली होती.

मालकी कुणाची?

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित बाब कायद्याची आहे. भारतात वस्त्राच्या आकार, रचना आणि नक्षीला डिझाईन कायदा, २००० अन्वये नोंदणीनंतर दहा वर्षांचे संरक्षण मिळते आणि ते आणखी पाच वर्षे वाढवता येते. मात्र नोंदणीच्या अर्जापूर्वीच लोकांसमोर आलेली रचना नोंदवता येत नाही. अधिसूचित प्रदर्शनांसाठी कायद्यात सवलत आहे, पण त्यासाठी नियंत्रकांना आगाऊ सूचना देऊन सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. महाविद्यालयाच्या रॅम्पवर पोशाख आला, त्याच रात्री छायाचित्र सर्वत्र पसरले, तर नावीन्याचा दावा तिथेच अडचणीत येतो.

कॉपीराइट कायद्याचा आधारही मर्यादित आहे. नोंदणीयोग्य असूनही न नोंदवलेल्या डिझाईनच्या, हक्कधारकाने किंवा त्याच्या परवानगीने, औद्योगिक प्रक्रियेतून पन्नासहून अधिक प्रती निघाल्या की कलम १५ नुसार त्यावरील कॉपीराइट संपुष्टात येतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रितिका प्रायव्हेट लिमिटेड विरुद्ध बिबा अ‍ॅपरल्स या खटल्यात हीच भूमिका घेतली. एकुलत्या एका पोशाखाला ही मर्यादा लागू होणार नाही. पण तोच पोशाख बाजारासाठी तयार करायचा ठरला, की हा प्रश्न दारात उभा राहतो. प्रवेशिका भरताना ‘सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ अशा ओळीखाली सही करण्यापूर्वी विद्यार्थ्याला हे कुणीतरी समजावून सांगायला हवे. अंतिम वर्षाच्या वेळापत्रकात त्यासाठी दोन तास निघणे अवघड नाही.

आपल्या दाराशी असलेले साहित्य

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर साहित्यासाठी घाऊक बाजारात नवे चमचे धुंडाळण्याची गरजच नाही. ‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतात दरवर्षी सुमारे ७८ लाख टन वस्त्र-कचरा जमा होतो आणि जगाच्या तुलनेत हा वाटा साडेआठ टक्के आहे. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीतील यंत्रमाग, सोलापुरातील चादर व टॉवेलचे कारखाने, मुंबई-ठाण्यातील तयार कपड्यांचे कारखाने यांच्याकडे काठ, तुकडे, सदोष ताग्यांचे ढीग निघतात. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण तर मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. जुन्या वस्त्राला किंमत असते, हे तिच्या टोपलीने शहराला शिकवले.

जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकमेकांवर पसरून धावदोऱ्याने शिवलेली गोधडीही याच जाणिवेतून आली. गोधडीत ठिगळ लपवले जात नाही. ते कुठे लावायचे, कोणता रंग कडेला घ्यायचा, टाका किती अंतरावर घालायचा, याचे स्वतःचे शास्त्र आहे. नवी मुंबईतील खारघरच्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेपासून एसएनडीटीपर्यंत वस्त्रविद्येचे शिक्षण देणाऱ्या संस्था या राज्यात आहेत. त्यांच्या स्पर्धांचा माल भिवंडीच्या यंत्रमागावरून आणि टाका गोधडीवरून आला, तर विद्यार्थ्याची उद्योगाशी ओळख होईल आणि पालकांचा खर्चही आटोक्यात राहील.

काय बदलता येईल?

त्यासाठी मोठ्या सुधारणांची आवश्यकता नाही. नियमपत्रिकेत पाच-सहा ओळींची भर घातली तरी पुरे. साहित्य कुठून आणले ते लिहून द्यावे. खर्चाला कमाल मर्यादा असावी आणि पावत्या जोडाव्यात. मॉडेलने पोशाख घालून खुर्चीत बसून दाखवावे, दोन्ही हात वर करावेत, दोन पायऱ्या चढाव्यात. परीक्षकांनी पोशाख उलटा करून आतली शिवण पाहावी. फसलेल्या नमुन्यांसह कामाची वही सादर करणे सक्तीचे करावे आणि ज्यांनी शिवणकामात मदत केली त्यांची नावे त्या वहीत यावीत. स्पर्धेनंतर पोशाखाचे काय होणार, हेही एका परिच्छेदात नमूद करावे. हक्क विद्यार्थ्याकडेच राहतील, असे प्रवेशिकेवर छापावे.

राबानप्रमाणे कुणाला अंगावर घालता न येणारेच वस्त्र करायचे असेल, तर त्यालाही जागा हवी. त्यासाठी वेगळा विभाग ठेवता येईल. तिथे खुर्चीत बसण्याची अट लागू करू नये. मात्र पोशाख का घालता येत नाही आणि त्यातून काय सांगायचे आहे, याचे उत्तर विद्यार्थ्याकडे असले पाहिजे. चलायनकडे ते होते.

येत्या प्रवेशाच्या हंगामात संस्थांची माहितीपत्रके रॅम्पवरील छायाचित्रांनी सजतील. पालकांनी त्या छायाचित्रांवर खूश किंवा नाराज होण्याऐवजी संस्थेकडे मागील वर्षीच्या स्पर्धेची नियमपत्रिका मागावी आणि एखाद्या विद्यार्थ्याची कामाची वही दाखवण्याचा आग्रह धरावा. एक्स-रे फिल्मचे जाकीट करताना किती नमुने फाटले आणि प्रत्येक वेळी काय बदलले, हे त्या वहीत सापडले, तर शुल्काचा पैसा कारणी लागत आहे असे समजायला हरकत नाही.